नेहमी असेच राहता ना?

“हसू नका. डोळे मिटू नका. जरा पुढं या. इतके नाही जी, मागं व्हा.”

मी मागं झालो. कॅमेरा एका लोखंडी दांड्यावर बसवला होता आणि त्याच्या पलीकडे संगणकासमोर मोहरील मॅडम बसल्या होत्या. वय पन्नाशीचं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. विद्यापीठात नव्यानं आलेल्या प्रत्येकाला आधी त्यांच्या टेबलापुढं उभं राहावं लागायचं. ईमेल, वायफाय, ग्रंथालयाचं खातं, सगळं त्या काढून द्यायच्या.

खोलीत शिरलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नव्हतं. माझ्या मागं उभ्या असलेल्या चैतालीला म्हणाल्या होत्या, “ये बेटा, कोणता विभाग?”

“माझा नाही, बाबांचा प्रवेश आहे,” चैताली म्हणाली.

“असं का?” मॅडमनी चष्म्यावरून मला न्याहाळलं. “काय घेतलं?”

“ग्रंथालयशास्त्र. एम.लिब.”

“चांगलं आहे. या वयात कोण शिकते? आमच्या घरचे तर पेपरसुद्धा वाचत नाहीत.” त्या कळफलक बडवू लागल्या. “नाव सांगा. आधी तुमचं, मग वडलांचं, मग आडनाव. उलटं सांगितलं की ईमेल उलटा बनते, मग भांडायला माझ्याकडेच येतात.”

“मोरेश्वर सीताराम हेडाऊ.”

ईमेल झाला. मग पासवर्ड. त्यात एक आकडा हवा, एक मोठं अक्षर हवं, एखादी खूण हवी, असं त्यांनी सांगितलं. मला काही सुचेना. चैतालीनं पुढं होऊन काहीतरी टाईप केलं आणि कागदावर लिहून माझ्या खिशात ठेवलं. मग चेहऱ्याची पाळी आली. त्या वर्षीपासून हजेरी चेहऱ्यावर लागणार होती. विभागाच्या दारात यंत्र बसवलं होतं. समोर उभं राहायचं, यंत्रानं ओळखलं की हजेरी लागली.

फोटो निघाला. मॅडमनी पडद्यावर तो पाहिला आणि मान हलवली.

“एक विचारते हं, रागावू नका. तुम्ही नेहमी असेच राहता ना? म्हणजे डोक्याला केस नाहीत, मिशी नाही? हे यंत्र नवीन आहे आणि लय नाजूक आहे. चेहऱ्यात फरक पडला की घेत नाही.”

“हो,” मी म्हणालो.

चैतालीनं माझ्याकडे पाहिलं.

आदल्या दिवशी कुंदाची, चैतालीच्या आईची, तेरवी झाली होती. दहाव्याला नदीवर माझं डोकं आणि मिशी काढली होती. कॉलेजात असल्यापासूनची मिशी होती ती. पण हे सगळं मॅडमना सांगायचं म्हणजे आधी कुंदा गेली हे सांगावं लागलं असतं. कोण, कधी, कशानं, किती वयाच्या होत्या, मग अरेरे. गावात ते सगळं ऐकून झालं होतं. इथं तरी नको, इतकंच मला वाटलं. म्हणून ‘हो’ म्हणालो.

प्रवेशाची शेवटची तारीख होती, नाहीतर मी आलोही नसतो. मी मोहाडीच्या सार्वजनिक वाचनालयात शिपाई होतो. पुस्तकं द्यायची, घ्यायची, धूळ झटकायची. आमचे ग्रंथपाल निवृत्त होणार होते आणि पदवी असेल तर ती जागा मला मिळणार होती. समितीनं एक वर्षाची बिनपगारी रजा दिली होती. एक वर्ष, दुसरं नाही. परीक्षेला बसता आलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. हा अर्ज कुंदानं भरायला लावला होता. ती तेव्हा दवाखान्यात होती. कावीळ पोटात उतरली होती. पडल्या पडल्या ती विचारायची, “भरला का? दाखवा.” मी दाखवला तेव्हाच ती गप्प बसली.

बारावीला असलेली चैताली तुमसरला मावशीकडे राहणार होती. त्या दिवशी संगणक केंद्रातून बाहेर पडल्यावर मी तिला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून ती म्हणाली, “वेळेवर जेवत जा.” मी हो म्हणालो. मग मी वसतिगृहात आलो आणि पलंगावर बसलो. बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती. ती खेळ संपवून गेली तरी मी बसूनच होतो.

माझ्या खोलीत दिवाकर गेडाम होता. आरमोरीचा, तिशी ओलांडलेला, एका शाळेतली ग्रंथपालाची नोकरी सोडून आलेला. त्याच्या तोंडाला दिवसभर विश्रांती नसायची. पहिल्याच दिवशी त्यानं मला त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकापासून म्हशीपर्यंत सगळ्यांची माहिती दिली. मला ते बरं होतं. त्याला उत्तर लागत नसे.

विभागप्रमुखांनी पहिल्याच तासाला सांगितलं, “हजेरी माझ्या हातात नाही. ती दारातल्या डब्याच्या हातात आहे. तो डबा म्हणाला आले, तर तुम्ही आले. कमी भरली तर परीक्षेला बसता येणार नाही. मला येऊन पाया पडू नका, त्या डब्याच्या पडा.”

सगळे हसले. मी पण हसलो असेन.

दुसऱ्या दिवसापासून माझी रीत ठरली. सकाळी उठायचं, नळावर आरसा टेकवायचा आणि डोकं, मिशी, दाढी सगळं साफ करायचं. डोक्याच्या मागं हात पोचत नसे, तिथं चाचपून करायचं. मग विभागात जायचं, डब्यापुढं उभं राहायचं. डबा हिरवा व्हायचा आणि त्यातून बाईचा आवाज यायचा, “धन्यवाद.” मी आत जाऊन बसायचो.

दिवाकर बघायचा. आठवडाभरानं त्याला राहवलं नाही.

“भाऊ, एक विचारू का? रोज सकाळी इतलं घासूनपुसून... पोरगी पाहाले जाऊन राहिले का तुम्ही?”

“नाही.”

“मग काहून जी? डोक्यावर खुंट येऊन राहिले तर येऊ द्या ना. लोक केस यावे म्हणून तेल लावून लावून मरून राहिले, अन् तुम्ही आलेले काढून राहिले.”

“यंत्र ओळखत नाही.”

“हात तिच्या! म्हणजे त्या डब्यासाठी तुम्ही टकले?”

“हो.”

त्यानं ही गोष्ट वर्गात सगळ्यांना सांगितली. मला पोरं ‘डबेवाले काका’ म्हणू लागली. मी काही मनावर घेतलं नाही. त्या दिवसांत मनावर काही येतच नव्हतं. मेसमध्ये भाजी खारट झाली म्हणून मुलांनी ताटं आपटली, मला ती खारट असल्याचं कळलंही नव्हतं. मी आपला खात होतो.

संध्याकाळी मी चैतालीला फोन करायचो. व्हिडिओ कॉल तिनंच शिकवला होता. सुरुवातीला तिचं तोंड दिसायचं. मागं सिंधूच्या स्वयंपाकघरातली भांडी दिसायची.

“जेवली का?”

“जेवली. तुम्ही?”

“जेवलो. अभ्यास?”

“सुरू आहे.”

“मावशीला त्रास देत नाही ना?”

“नाही.”

इतकंच. आणखी काही बोलायचं झालं तर ते कुंदाकडे गेलं असतं, म्हणून दोघंही तिथंच थांबायचो. मग थोड्या दिवसांनी तिच्या बाजूनं काळं दिसू लागलं. आवाज यायचा, चित्र नाही.

“दिसत नाही तू,” मी म्हणालो.

“नेट स्लो आहे बाबा.”

“बरं.”

रोज नेट स्लो असायचं. मी काळ्या पडद्याशी बोलायचो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुमसरला नेटचा भरवसा कुठला, असं मी धरून चाललो.

मग मला ताप आला. चांगला सपाटून आला. दिवाकरनं मला डॉक्टरकडे नेलं, मेसमधून पेज आणून दिली आणि माझ्या उशाशी बसून त्याच्या काकांना आलेल्या प्रत्येक तापाचा इतिहास ऐकवला. उठलो तेव्हा मिशीच्या जागी खुंट उगवले होते आणि डोक्यावर उंदरासारखी लव आली होती. अंगात दाढी करायची ताकद नव्हती. तसाच विभागात गेलो.

डबा लाल झाला. “ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.”

मी पुन्हा उभा राहिलो. पुन्हा लाल. मागं रांग लागली. कुणीतरी म्हणालं, “काका, जरा हसून पाहा.” दुसरा म्हणाला, “अरे, हे डबेवाले काकाच नाहीत, डुप्लिकेट आहेत.” मी बाजूला झालो. दिवाकरला म्हणालो, “तुझं दाढीचं सामान बॅगेत असतं ना?”

“असते. काहून?”

“दे.”

विभागाच्या मुतारीत बेसिनवर मी डोकं आणि मिशी साफ केली. कानामागं कापलं. दिवाकर दार धरून उभा होता. पहिल्यांदा तो काही बोलत नव्हता. बाहेर येऊन मी डब्यापुढं उभा राहिलो. कानामागून रक्त गळत होतं. डबा हिरवा झाला. “धन्यवाद.”

“भाऊ,” दिवाकर म्हणाला, “यंत्र माणसापरमाणं बदलते म्हणतात. इथं उलटंच चाललं. त्या मोहरील बाईकडे जा ना, दोन मिनिटांचं काम आहे. नवा फोटो घ्या म्हणा.”

“असू दे.”

“असू दे काय? हे पाहा, गळून राहिलं.”

“असू दे ना, दिवाकर.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग रुमाल काढून दिला.

त्यानंतर काही दिवसांनी सिंधूचा फोन आला. सिंधू म्हणजे कुंदाची धाकटी बहीण. दोन खोल्यांचं घर, शिलाईचं काम, नवरा ट्रकवर. चैतालीला तिनं पोटच्या पोरीसारखं ठेवलं होतं. ती एरवी मला फोन करत नसे.

“भाऊजी, बोलू का जरा?”

“बोल ना. चैताली बरी आहे?”

“बरी आहे. बाहेर गेली आहे, म्हणून तर फोन केला. भाऊजी, आमच्याकडलं नेट बरोबर आहे.”

मला कळलं नाही. “म्हणजे?”

“म्हणजे ती फोन उपडा ठेवते. तुमचा फोन आला की उचलते, चादरीवर पालथा टाकते अन् बोलते. तुमचं तोंड पाहत नाही. बोलून झालं की मोरीत जाते, नळ सोडते अन् बसते. मी इतले दिवस सांगितलं नाही तुम्हाला. तिकडे एकटे आहात, काहून ताप द्यायचा म्हटलं.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकून राहिले का?”

“हाव.”

“मिशी वाढवा ना जी आता. सगळे वाढवतात. डोक्यावर येऊ द्या केस. आमचे सासरे गेले तेव्हा माझ्या दिरानं पण काढली होती, पोळ्यापर्यंत आली परत. तुम्ही काहून रोज काढून राहिले? त्या पोरीला वाटते तुम्ही अजून घाटावरच उभे आहात. रोज संध्याकाळी तुम्ही तिला घाटावरून फोन करता.”

“ते यंत्र आहे ना सिंधू, हजेरीचं. ते ओळखत नाही. हजेरी कमी भरली तर...”

“यंत्र गेलं चुलीत!” ती एकदम ओरडली. मग आवाज खाली आणला. “माफ करा भाऊजी. पण यंत्राचं नाव नका सांगू मला. तुमच्या खोलीतला तो गेडाम म्हणाला मला. तुमचा ताप उतरल्यावर मी तब्येत विचारायला फोन केला, तो त्यानं उचलला होता. दोन मिनिटांचं काम आहे म्हणे, अन् तुम्ही जात नाही. काहून जात नाही?”

मी म्हणालो, “जातो.”

“काहून जात नव्हते ते विचारलं मी.”

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. म्हणाली, “ताई माझी पण होती, भाऊजी,” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या सकाळी मी नळावर आरसा टेकवला. तोंडाला साबण लावला. पातं वरच्या ओठावर ठेवलं. आणि तिथं मला कळलं की मी हे डब्यासाठी करत नाही. दहाव्याला न्हाव्यानं नदीवर केलं ते मी रोज उठून करत होतो. एकदा मिशी आली की संपलं. लोक विचारणार नाहीत, मीही पूर्वीसारखा दिसू लागणार, आणि मग कुंदा गेली हे कुठेच दिसणार नाही. डोळ्यांतून तर माझ्या पाणीही आलेलं नव्हतं. दिसायला होतं ते एवढंच होतं.

मी तोंड धुऊन टाकलं.

डबा लाल होऊ लागला. मी रोज जाऊन उभा राहायचो, रोज लाल. वर्गात बसायचो, टिपणं घ्यायचो, पण हिशेबात गैरहजर. विभागप्रमुखांना भेटलो तर त्यांनी दोन्ही हात वर केले. “हेडाऊ, तुम्ही समोर बसता हे मला दिसते. पण माझं ऐकते कोण? संगणक केंद्रात जा. आज जा. पुढच्या महिन्यात परीक्षेची यादी निघते.”

मी गेलो. मोहरील मॅडम डबा उघडून जेवत होत्या. पोळी हातात तशीच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“नाव?”

मी सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं माझं खातं उघडलं. पडद्यावर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पडद्यावर पाहिलं. पोळी डब्यात ठेवली.

“हा तुम्हीच आहात?”

“हो.”

“मला नाही वाटत.” त्यांनी चष्मा वर सरकवला. “हे पाहा जी, स्पष्ट बोलते. मागच्या महिन्यात दोन जणांनी असंच केलं. एकानं आपल्या नावावर दुसऱ्याचा चेहरा घातला अन् गावी जाऊन शेती केली. दोघांचेही प्रवेश रद्द झाले. मला वरून ऐकावं लागलं ते वेगळंच. आता चेहरा बदलायचा तर मी कारण घेतल्याशिवाय हात लावत नाही.”

“मिशी वाढली.”

“मिशी नव्हतीच ना तुम्हाला! मी विचारलं होतं. मला आठवते, सोबत मुलगी होती तुमच्या. मी म्हटलं नेहमी असेच राहता ना, तर तुम्ही हो म्हणाले. म्हणाले का नाही?”

“म्हणालो.”

“मग खोटं तेव्हा बोलले, का आता बोलून राहिले?”

बाजूच्या टेबलावरचा माणूस मान वर करून ऐकू लागला. मॅडमनी पडद्यावर एक यादी उघडली आणि माझ्याकडे वळवली. “ही पाहा कारणं. चष्मा. दाढी-मिशी. अपघात. शस्त्रक्रिया. इतर. कोणतं लावू? अन् नुसतं लावून चालणार नाही, मला पटलं पाहिजे. चेहरा बदलतो म्हणजे काय सोपं काम आहे?”

मी दाढी-मिशी म्हणायला तोंड उघडलं.

“त्या फोटोच्या आदल्या दिवशीच तेरवी झाली होती,” मी म्हणालो.

“कोणाची?”

“बायकोची.”

तोंडातून हा शब्द निघाला तेव्हा तो मलाच नवा वाटला. गावात मला सांगावंच लागलं नव्हतं. जे आले ते कळूनच आले होते. कुंदा वारली हे मी एकाही माणसाला स्वतःहून सांगितलं नव्हतं. ते पहिल्यांदा या बाईला सांगितलं, आणि तेही हजेरीसाठी.

बाजूच्या माणसानं मान खाली घातली. मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. जेवण अर्धं राहिलं होतं.

“मला सांगायचं ना जी त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. आवाज उतरला होता. “मी नसता काढला फोटो. थांबले असते. नियम आहे तसा. नियम नसता तरी थांबले असते.” मग पडद्याकडे पाहत म्हणाल्या, “मागं उभी आहे ती तुमची मुलगी ना?”

“कुठं?”

त्यांनी फोटो मोठा केला. मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. मधे माझं डोकं. टाळूवर अजून न्हाव्याच्या वस्तऱ्याची एक रेघ होती. डोळे उघडे होते, पण त्यांत काही नव्हतं. दुकानात टांगलेल्या मुखवट्याला असतात तसे. आणि माझ्या खांद्यामागं चैताली. तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं. ती माझ्या डोक्याकडे बघत होती. ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. गाल ओले होते.

ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. ती रडत होती हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पासवर्डचा कागद तिनं माझ्या खिशात ठेवला तो याच्यानंतर, असं आधी मला वाटलं, पण तो आधीच ठेवला होता. फोटो त्यानंतर निघाला होता. म्हणजे ती कागद ठेवून मागं गेली आणि रडली. आणि मी ‘हो’ म्हणालो तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं होतं.

“पाणी देऊ का?” मॅडम म्हणाल्या.

“नको.”

“असं करा,” त्या कामाच्या आवाजात बोलू लागल्या, त्यामुळं मला बरं वाटलं. “आत्ता नवा फोटो घेतला तर हा अर्धवट मिशीचा येईल. डोक्यावर पण नुसती लव आहे. महिन्याभरात परत याल अन् मला परत कारण लावावं लागेल. त्यापेक्षा पूर्ण वाढू द्या. तोवर मी तुम्हाला आकड्यावर हजेरी लावून देते. चार आकडे दाबायचे, झालं. मागचे दिवस पण भरते, विभागप्रमुखांना मी फोन करते. ते ऐकतात माझं. फक्त माझंच ऐकतात.”

“बरं.”

“अन् हा जुना?” त्यांनी बोट पडद्याकडे केलं. “हा ठेवायचा का काढायचा? ठेवला तरी उपयोग नाही म्हणा. एका माणसाचे दोन चेहरे हे यंत्र घेत नाही. पण नवा येईपर्यंत राहू शकतो.”

मी फोटोकडे पाहिलं.

“काढा,” मी म्हणालो.

“पक्कं?”

“हाव.”

त्यांनी एक बटण दाबलं. यंत्रानं विचारलं, खरंच काढायचा का? त्यांनी पुन्हा दाबलं. माझ्या नावापुढची चौकट रिकामी झाली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या विद्यापीठाच्या यंत्रात माझं नाव होतं, ईमेल होता, चार आकडे होते, फक्त चेहरा नव्हता. दिवाकर म्हणायचा, “भाऊ, तुम्ही भूत आहे आता, सांभाळून राहावं लागते मला.”

त्या संध्याकाळी मी चैतालीला फोन लावला. नेहमीसारखं काळं दिसलं.

“जेवली का?” मी विचारलं.

“नाही अजून. मावशी वाढून राहिली.”

“चैताली, फोन सरळ कर.”

“नेट...”

“नेट बरोबर आहे. मावशीनं सांगितलं.”

मागं सिंधू काहीतरी पुटपुटली. मग काळं हललं. आधी छत दिसलं, पंखा दिसला, मग तिचा कान, मग ती. ती खाली बघत होती.

“पाहा तर,” मी म्हणालो.

तिनं पाहिलं. मी फोन थोडा दूर धरला, म्हणजे डोकंही दिसेल. ती बघत राहिली. तिचे ओठ थोडे हलले, मला वाटलं आता रडते.

“पांढरी आली,” ती म्हणाली.

“हो.”

“सगळी?”

“बऱ्यापैकी. डोक्यावर पण.”

“आधी तर काळी होती.”

“आधी काळी नव्हती. तुझी आई दर रविवारी कलप लावायची.”

आई हा शब्द आमच्या फोनमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा आला. तो मी बोललो हे मला बोलून झाल्यावर कळलं. चैतालीनं तोंडावर हात घेतला. ती हसत होती की काय ते मला नीट दिसेना, कारण तेवढ्यात माझ्याच डोळ्यांपुढं सगळं पुसट झालं होतं.

“म्हणजे आई खोटं बोलायची?” ती म्हणाली. “मला म्हणायची, तुझ्या बाबांना काही होत नाही, त्यांचा एकही केस पांढरा नाही.”

“लपून लावायची. तू शिकवणीला गेली की.”

“आईनं ही अशी ठेवूच दिली नसती तुम्हाला.”

“नसती दिली,” मी बाहीनं डोळे पुसले. “मग काय करू? काढू का?”

“नका काढू,” चैताली म्हणाली.

आतून सिंधूनं ताट वाढल्याचं सांगितलं. मला वाटलं ती फोन ठेवेल. तिनं ठेवला नाही. पाण्याच्या तांब्याला तो टेकवून उभा केला, समोर ताट घेतलं आणि जेवायला बसली. तिला भूक लागली होती. वरणभात ती भराभर खात होती आणि मधूनच मान वर करून माझ्याकडे बघत होती. मी तिचं जेवण होईपर्यंत फोन हातात धरून बसलो.